म्हातारा कुत्रा वाळू लागला तर

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत कुत्रा आला तो मुलांच्या हट्टापायी. मुले तिसरी-चौथीत असताना "आम्ही फिरवू, आम्ही खायला घालू" अशी वचने दिली गेली. पुढे काय झाले ते सांगायला नको. मुले आता कॉलेजात गेली, नोकरीला लागली. कुत्रा मात्र आई-बाबांकडे राहिला आणि बघता बघता दहा-बारा वर्षांचा झाला. अशा घरांतून हल्ली एक वाक्य वरचेवर ऐकू येते: "अलीकडे जरा वाळलाय. वय झालं, दुसरं काय!"

या लेखाचा विषय हे एवढे एकच वाक्य आहे. ते ऐकायला समंजस वाटते, पण त्याच्या भरवशावर राहून आपण महत्त्वाचे दोन-तीन महिने घालवतो. ज्या दुखण्यावर सहज इलाज झाला असता ते वाढते, आणि इलाजाचे बिलही वाढते.

वय हा आजार नव्हे

वयाबरोबर कुत्र्याच्या शरीरात बदल होतात हे खरे आहे. तोंडावरचे केस पांढरे होतात, ऐकू कमी येते, झोप वाढते. माणसाप्रमाणे त्याचेही स्नायू थोडेथोडे झडतात, विशेषतः मागच्या पायांचे. पण हे सारे सावकाश, वर्षानुवर्षे चालते. शिवाय उतारवयाला लागलेल्या कुत्र्याचे हिंडणे-फिरणे कमी झालेले असल्यामुळे त्याचा कल खरे तर वजन वाढण्याकडे असतो. तेव्हा खाणे तेच, फिरणे तेच, आणि तरीही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वजन उतरले, तर त्यामागे कारण असते आणि ते शोधावे लागते.

कुत्र्याला म्हातारा कधी म्हणायचे, हे त्याच्या आकारावर ठरते. "कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात" हा हिशोब ढोबळ आहे. ग्रेट डेनसारखा थोराड कुत्रा सहा-सात वर्षांतच वृद्ध होतो, तर छोटा पूडल किंवा शिट्झू दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत तरतरीत असतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांच्या संघटनेच्या मते अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चौथा हिस्सा म्हणजे म्हातारपण, आणि या काळात वर्षातून एकदा नव्हे, तर दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी.

खरोखर वजन घटले आहे का?

रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याचे वाळणे लक्षात येत नाही. थँक्सगिव्हिंगला घरी आलेली मुलगी दारातच म्हणते, "आई, याला काय झालंय?" आणि मग आपण नीट पाहतो. गोल्डन रिट्रीव्हर किंवा पोमेरेनियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्याचे तर निम्मे वाळणे केसांखाली झाकलेले असते. म्हणून डोळ्यांवर विसंबून न राहता पुढील तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, वजन. लहान कुत्र्याला उचलून घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून आपले वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठी व्हेटच्या दवाखान्यात दाराशीच मोठा काटा असतो; फोन करून विचारले तर नुसते वजन करायला बहुधा पैसे घेत नाहीत. आकडा तारखेसकट कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि दर महिन्याला हे करावे.

हे आकडे वाचताना पौंड पाहू नयेत, टक्केवारी पाहावी. सत्तर पौंडांचा लॅब्राडोर त्रेसष्टवर आला तर "सातच पौंड तर गेले" असे वाटते. पण ते दहा टक्के झाले. दीडशे पौंडांच्या माणसाचे पंधरा पौंड आपोआप उतरावेत, तसे. वीस पौंडांच्या कुत्र्याचे दोनच पौंड गेले तरी हिशोब तोच. आपण मुद्दाम वजन उतरवत नसताना दहा टक्के गेले तर ते गंभीर मानावे. पाच टक्के गेले तरी व्हेटला कळवावे.

दुसरी, बरगड्या. दोन्ही हात कुत्र्याच्या छातीवर हलके ठेवावेत. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या पातळ गादीखाली असाव्यात तशा, न दाबता हाताला लागतात, पण लांबून दिसत नाहीत. पशुवैद्य शरीराच्या ठेवणीला एक ते नऊ असे गुण देतात. चार-पाच म्हणजे उत्तम. आपल्या कुत्र्याचे गुण किती, हे दर भेटीत विचारून घ्यावे.

तिसरी, स्नायू. कपाळाच्या दोन्ही बाजू, खांद्यांची हाडे, पाठीचा कणा आणि मांड्या यांवरून हात फिरवावा. चरबी आणि स्नायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट सुटलेले, पण मांड्या गळालेल्या आणि कणा वर आलेला, असे कुत्रे काट्यावर जाड भरते, पण आतून खंगत असते. कुशिंग या हार्मोनच्या आजारात असे चित्र दिसते. हृदयाच्या किंवा लिव्हरच्या दुखण्यात पोटात पाणी साठले तरी वजनाचा आकडा फसवा येतो.

आधी साधे प्रश्न

रोगांच्या नावांकडे वळण्याआधी घरातले खाणे तपासावे. ब्रँड बदलला का? "सीनियर" म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक खाद्यांत कॅलरी कमी असतात, कारण ती जाड होणाऱ्या कुत्र्यांसाठी बनवलेली असतात. वाटी तीच, पण पोटात जाणारे अन्न कमी. घरात दुसरे तरुण कुत्रे आले असेल तर ते म्हाताऱ्याच्या भांड्यात तोंड घालते का? खायला कोण घालते, आणि दोघांपैकी प्रत्येकाला "दुसऱ्याने घातले असेल" असे तर वाटत नाही ना?

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी भारतातून येतात, आणि त्या काळात कुत्र्याला सकाळी पोळीचा तुकडा, दुपारी दहीभात, संध्याकाळी बिस्किट असा रतीब लागतो. सोबतीला दिवसभर माणूस असतो. आजी परत गेल्या की रतीब थांबतो, सोबतही जाते. भांड्यातले खाद्य आहे तेवढेच राहते आणि वजन मात्र उतरते. असे काही घडले असेल तर व्हेटला जरूर सांगावे. मात्र हेच कारण असेल असे स्वतःच ठरवून टाकू नये.

खातो आहे की नाही?

व्हेट पहिला प्रश्न हाच विचारतात, कारण त्यावरून शोधाची दिशा ठरते. उत्तरे तीन असू शकतात.

*पोटभर खातो, तरी वाळतो.* याचा अर्थ खाल्लेले पचत नाही, किंवा पचलेले अंगी लागत नाही, किंवा शरीरातून वाहून जाते. यात पहिला संशय मधुमेहाचा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा आजार असल्याने लक्षणे ओळखीची वाटतील: पाण्याचे भांडे सारखे रिकामे होणे, लघवी वाढणे, रात्री बाहेर जायला उठवणे, भूक असूनही वजन उतरणे. फरक एवढाच की कुत्र्याच्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्यामुळे आपल्या औषधांच्या डब्यातल्या गोळ्या त्याच्या उपयोगाच्या नसतात. त्याला साधारणपणे दिवसातून दोनदा इन्सुलिनच द्यावे लागते. सुई अगदी बारीक असते आणि आठवड्याभरात घरातले सगळे ती द्यायला शिकतात. इलाज लांबला तर मोतीबिंदू होऊन कुत्र्याची दृष्टी झपाट्याने जाऊ शकते.

दुसरा संशय स्वादुपिंडातल्या पाचक रसांच्या कमतरतेचा. शी भरपूर, सैल, फिकट, तुपकट आणि दुर्गंधी असते, आणि कुत्रा खा-खा करतो. जर्मन शेफर्ड जातीत हा आजार अधिक दिसतो, बऱ्याचदा तरुणपणीच. टीएलआय या रक्तचाचणीने तो कळतो. उपाय म्हणजे पाचक रसांची पूड जेवणात मिसळून देणे, आणि गरजेप्रमाणे बी-१२. ही पूड सहसा डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. शाकाहारी घरांना ते जड जाईल, पण त्याकडे औषध म्हणून पाहावे.

तिसरा संशय आतड्यांच्या जुनाट सुजेचा, ज्यात शरीरातली प्रथिने आतड्यांवाटे गळून जातात. अशीच गळती खराब झालेल्या किडनीतून लघवीवाटेही होते. जंतही विसरू नयेत. शीचा नमुना तपासणे ही यादीतली सर्वांत स्वस्त चाचणी आहे. डासांमार्फत होणारा हार्टवर्म टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतच्या दमट पट्ट्यात विशेष आढळतो. त्यात खोकला, दम लागणे आणि वजन उतरणे एकत्र दिसते.

थायरॉइडबद्दल एक खुलासा. थायरॉइड वाढल्यामुळे वाळणे हा म्हाताऱ्या मांजरांचा नेहमीचा आजार आहे. कुत्र्यांत तो क्वचितच होतो. त्यांचा थायरॉइड सहसा मंदावतो आणि त्याने वजन वाढते. मांजर पाळणाऱ्या मैत्रिणीचा अनुभव आपल्या कुत्र्याला लावू नये.

*खायचे आहे, पण खाता येत नाही.* भांड्याशी उत्साहाने येतो, हुंगतो आणि मागे सरतो. कोरडे दाणे तोंडातून पाडतो, एकाच बाजूने चावतो, तोंडाला वास येतो, लाळेत रक्ताची रेघ दिसते. हे दातांचे किंवा हिरड्यांचे दुखणे असू शकते. क्वचित तोंडात गाठ असते. "या वयात त्याला भूल सोसेल का?" या भीतीने दातांचा इलाज टाळला जातो. भूल देण्याआधी रक्त आणि हृदय तपासतात, आणि निर्णय वयावर नव्हे तर त्या तपासणीवर घ्यायचा असतो. किडलेली दाढ काढल्यावर पुन्हा पोटभर जेवू लागलेले म्हातारे कुत्रे कुठल्याही व्हेटने पाहिलेले असतात.

सांधेदुखीनेही हेच होते. भांडे गुळगुळीत टाइल्सवर असेल आणि मान खाली घालून उभे राहताना मागचे पाय घसरत असतील, तर कुत्रा अर्धे खाऊन निघून जातो. खाली रबरी मॅट आणि भांड्याखाली छोटा पाट ठेवून पाहावा. खाल्लेले अन्न न पचता, उमासे न येता तसेच बाहेर पडत असेल तर अन्ननलिकेत दोष असू शकतो. त्याचा फोनवर व्हिडिओ घ्यावा.

*खावेसेच वाटत नाही.* हा गट सर्वांत मोठा. किडनीचा जुनाट आजार, लिव्हरचे दुखणे, हृदयाचा अशक्तपणा, दीर्घ वेदना, मळमळ आणि कॅन्सर, ही सगळी यात येतात. सांधेदुखीसाठी चालू असलेल्या गोळ्यांनीही काही कुत्र्यांच्या पोटाला त्रास होऊन भूक मरते, म्हणून औषधांची यादी सोबत न्यावी. एवढे मात्र करू नये की गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या. फोन करून विचारावे.

कॅन्सरचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांत तो बराच आढळतो, आणि काही प्रकारांत वाळणे हेच सुरुवातीचे लक्षण असते. महिन्यातून एकदा जबड्याखाली, खांद्यांपुढे आणि गुडघ्यांमागे हात फिरवून पाहावा. तिथे न दुखणाऱ्या, टणक गाठी लागल्या तर लिंफोमाची शक्यता तपासावी लागते. पण प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. त्वचेखालच्या मऊ, हलणाऱ्या चरबीच्या गाठी म्हाताऱ्या कुत्र्यांना सर्रास होतात. हाताला लागून फरक नक्की कळत नाही, म्हणून सुईने नमुना घेऊन पाहतात.

व्हेटकडे जाताना

अर्ध्या तासाच्या भेटीचा उपयोग आपण नेलेल्या माहितीवर ठरतो. एका कागदावर लिहून न्यावे: गेल्या वर्षातली वजने, खाद्याचे नाव आणि मोजून किती कप, वरचे खाणे खरे-खरे किती, पाणी किती पितो, शी-लघवीत फरक, उलट्या, खोकला, चालू औषधे, आणि काय केव्हा सुरू झाले. पाणी मोजायला सकाळी मापाने भरून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. शीचा ताजा नमुना आणि जमल्यास सकाळची लघवीही न्यावी. व्हेटकडे जो कोणी जाणार असेल त्याला हे सगळे माहीत असावे.

तपासणी साधारण पायऱ्यांनी होते. पहिली पायरी म्हणजे नखशिखांत तपासणी, रक्तातल्या पेशींची मोजणी, किडनी-लिव्हर-साखरेच्या चाचण्या, लघवी आणि शी. बऱ्याच आजारांचा धागा इथेच हाती लागतो. दुसरी पायरी छाती-पोटाचा एक्स-रे आणि पोटाची अल्ट्रासाउंड. तिसरी पायरी आतड्यांच्या खास रक्तचाचण्या, दुर्बीण किंवा तुकडा काढून तपासणे. पहिल्या पायरीवर उत्तर मिळाले तर पुढच्या चढाव्या लागत नाहीत.

किडनीबाबत एक बारकावा ध्यानात ठेवावा. रक्तातले क्रिएटिनिन वाढते तेव्हा किडनीची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यशक्ती गेलेली असते. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. कुत्रा वाळून स्नायू झडले असतील तर आजार असूनही आकडा नॉर्मल दिसू शकतो. २०१५ पासून अमेरिकेत एसडीएमए ही चाचणी मिळते. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते आणि बिघाड बराच आधी दाखवू शकते. वाळलेल्या कुत्र्याच्या रिपोर्टात एसडीएमए आणि लघवीची घनता हे दोन्ही आहे का, हे अवश्य विचारावे. किडनीचा आजार लवकर कळला तर कमी फॉस्फरसचे खास खाद्य आणि औषधे यांवर कुत्रा पुढे कित्येक महिने, कधी वर्षेही समाधानात काढतो.

आपल्या स्वयंपाकघराची लुडबूड

कुत्रा वाळला की आपला पहिला उपाय असतो खाऊ घालणे, आणि आपल्याकडे खाऊ घालणे म्हणजे तूप. म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम तुपकट खाणे दिले तर स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकते. फोडणीच्या वरणात, आमटीत, भाजीत कांदा-लसूण असतो, आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होते. शिऱ्यातले बेदाणे, मनुका आणि द्राक्षे किडनी निकामी करू शकतात. का, हे बरीच वर्षे कळत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधातज्ज्ञ पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, आणि चिंच खाल्ल्याने किडनीला इजा झालेले कुत्रेही नोंदले गेले आहेत. म्हणजे चिंच-गुळाची आमटी आणि भेळेची चटणी ही दोन्ही कुत्र्याच्या भांड्यापासून दूर ठेवावीत. झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थही विषारी आहेत.

दुखते आहे असे वाटून आपल्यासाठी आणलेली आयबुप्रोफेन, टायलेनॉल किंवा भारतातून आणलेली क्रोसिन देऊ नये. या गोळ्यांनी कुत्र्याचे पोट, किडनी किंवा लिव्हर बिघडते.

मग खायला द्यावे काय? निदान होईपर्यंत नेहमीचेच खाद्य, थोडे कोमट करून. वास सुटला की म्हातारे कुत्रे जास्त खातात. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान जेवणे. व्हेटने हरकत नाही म्हटले तर बिनमिठाचा, बिनमसाल्याचा भात आणि उकडलेले चिकन किंवा अंडे थोडे दिवस चालते. नुसत्या दूध-पोळीवर किंवा वरण-भातावर म्हातारा कुत्रा पोसला जात नाही. त्याला भरपूर प्रथिने लागतात. म्हाताऱ्या कुत्र्याची प्रथिने सरसकट कमी करावीत हा जुना समज आता मागे पडला आहे. किडनीचा आजार असेल तरच तो हिशोब बदलतो, आणि तोही व्हेटच्या सांगण्यावरून. भूक वाढवायलाही औषध आहे: कॅप्रोमोरेलिन या औषधाला २०१६ मध्ये एफडीएने कुत्र्यांसाठी मान्यता दिली. पण भूक का गेली हे शोधल्याशिवाय नुसती भूक वाढवण्यात अर्थ नाही.

खर्चाची बाजू

पैशांविषयी व्हेटशी बोलायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडावा. प्रत्येक दवाखाना लेखी अंदाजपत्रक देतो. ते मागावे आणि पायऱ्यांप्रमाणे मागावे. पहिली पायरी बहुतेक ठिकाणी काही शे डॉलरांत होते, अल्ट्रासाउंडने त्यात चांगली भर पडते, आणि ऑपरेशन किंवा केमोथेरपी हजारांत जाते. प्रत्येक पुढच्या चाचणीआधी एक प्रश्न विचारावा: "याचे उत्तर काहीही आले तरी आपण पुढे जे करणार ते बदलणार आहे का?" बदलणार नसेल तर ती चाचणी टाळता येते. चांगल्या व्हेटला या प्रश्नाचा राग येत नाही.

इन्शुरन्स. कुत्र्यांचा इन्शुरन्स बहुतेक कंपन्यांत असा असतो की बिल आपण भरायचे आणि नंतर परतफेड मागायची. आधीपासून असलेला आजार त्यात बसत नाही. "वजन घटले" अशी नोंद एकदा दवाखान्याच्या कागदावर झाली की त्यातून निघणारा आजार नव्या पॉलिसीतून वगळला जातो. म्हणजे कुत्रा वाळल्यावर पॉलिसी घेऊन त्या दुखण्यासाठी फायदा नाही. ज्यांचे कुत्रे अजून तरुण आहे त्यांनी विचार करावा. प्रतीक्षेचा काळ, वर्षाची मर्यादा आणि वयाबरोबर हप्ता कसा चढतो, हे वाचूनच सही करावी. काही कंपन्या ठराविक वयानंतर नव्याने घेतच नाहीत. ज्यांनी पॉलिसी घेतलेली नाही त्यांनी हप्त्याएवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी.

टॅक्स. नोकरीतून मिळणाऱ्या एफएसए किंवा एचएसए खात्यातले पैसे घरच्या कुत्र्यावर खर्च करता येत नाहीत आणि तो खर्च टॅक्समध्ये वैद्यकीय वजावट म्हणूनही चालत नाही. अपवाद आहे तो अपंग किंवा आजारी व्यक्तीच्या मदतीसाठी प्रशिक्षित केलेल्या सेवा-कुत्र्याचा.

उधारी. दवाखान्यांतून वैद्यकीय क्रेडिट कार्ड देऊ करतात: सहा किंवा बारा महिने व्याज नाही. यातली मेख अशी की मुदतीत सगळी रक्कम फिटली नाही, तर बऱ्याच योजनांत व्याज पहिल्या दिवसापासून लागते, आणि दर चढा असतो. घेतलेच तर रक्कम महिन्यांनी भागून तेवढा हप्ता आपोआप जाईल असे करावे.

औषधे. व्हेटकडून प्रिस्क्रिप्शन लिहून मागता येते. कुत्र्याची कित्येक औषधे माणसांच्या फार्मसीत जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात. मात्र माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल असते, म्हणून औषध कुत्र्यासाठी आहे हे फार्मासिस्टला आधीच सांगावे.

आणि भारतवारी. डिसेंबरची तिकिटे काढण्याआधी म्हाताऱ्या कुत्र्याची तपासणी करून घ्यावी. दिवसातून दोनदा इन्सुलिन लागणारा किंवा जेमतेम खाणारा कुत्रा प्रत्येक बोर्डिंगवाला ठेवून घेत नाही, आणि ऐनवेळी चौघांची तिकिटे बदलणे हे त्या सगळ्या चाचण्यांपेक्षा महाग पडते. कोणाकडे ठेवणार असाल तर औषधांचा तक्ता, व्हेटचा फोन आणि "इतक्या रकमेपर्यंत इलाज करावा" असे लेखी संमतिपत्र देऊन जावे.

इलाज कुठवर?

कधीकधी उत्तर वाईट येते. तेव्हा "सगळे करा" आणि "काहीच नको" या दोहोंमध्ये बरीच जागा असते. वेदना थांबवणे, मळमळ थांबवणे, आवडते ते खाऊ देणे, हाही इलाजच आहे. लिंफोमासारख्या काही कॅन्सरमध्ये औषधांनी कित्येक महिने, कधी वर्षभरही, चांगले मिळू शकते; काहींत मिळत नाही. आपल्या कुत्र्याच्या बाबतीत काय, हे स्पष्ट विचारावे.

कुत्र्याला झोपवण्याचा निर्णय आपल्या घरांत फार जड जातो. जीव घेणे हे पाप, असे वडीलधाऱ्यांना वाटते. मुलांना वाटते, आई-बाबांनी घाई केली. दोघांच्याही मनाला आधार मिळेल अशी एक पद्धत कॅन्सरतज्ज्ञ पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तीसच्या वर असेल तोवर कुत्र्याचे जगणे त्याला सुसह्य आहे असे मानायचे. घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण लिहावेत, कॉलेजातल्या मुलांनीही फोनवरून, आणि आठवड्याने पुन्हा. कागदावरचे आकडे उतरताना दिसले की भांडण कमी होते. वेळ आलीच तर आधी गुंगीचे औषध देतात, मग इंजेक्शन. त्याला वेदना होत नाहीत, आणि बऱ्याच शहरांत व्हेट घरी येऊनही हे करतात. हे सगळे ती वेळ येण्याआधी, सर्व जण शांत असताना बोलून ठेवलेले बरे.

थांबू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी काही दिसले तर सोमवारची वाट न पाहता इमर्जन्सी दवाखाना गाठावा:

- हिरड्या पांढुरक्या पडणे, अचानक कोसळणे
- पोट फुगणे आणि उलटीचे उमासे येऊनही काही न पडणे
- श्वास घेताना धाप लागणे
- वारंवार उलट्या, किंवा डांबरासारखी काळी शी
- लघवी बंद होणे
- पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड न लावणे

एरवी, वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले असेल तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्यावी. आणि ज्यांचा म्हातारा कुत्रा आज खाऊन-पिऊन सुखी आहे, त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे: त्याचे वजन करून तारखेसह कॅलेंडरवर लिहावे. पुढे कधी शंका आलीच, तर "वय झाले" या अंदाजापेक्षा तो आकडा व्हेटच्या जास्त उपयोगी पडेल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या कुत्र्याच्या बाबतीतला निर्णय आपल्या पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)